हरगिरीचं पान

फावला आमचा ड्रेजर रात्रभर गाळ उपसतो.
सकाळी पाळी सुटताना मी जाळी धुतो.
जाळीत येतात शिंपले, केबलचे तुकडे,
रबरी बुटाचा तळ, खजुराच्या बिया,
कधी तोफगोळा. मग काम बंद,
आणि बसऱ्याहून माणसं येईस्तोवर आम्ही पत्ते कुटतो.
हाडं आली तर वेगळ्या बादलीत.
बादलीवर झाकण, झाकणावर वीट.
ती बादली रखवालदार मुहसिनची.

आज सर्वपित्री. बायकोच्या फोनमुळे कळलं.
हर्णैला आमच्याकडे या दिवशी
पानं मोजून एक जास्त मांडतात:
बाप, आजा, पणजा, आणि दाराकडचं शेवटचं
हरगिरीचं.
मला वाटायचं कुणी गोसावी असेल,
झोळी घेऊन आलेला, ओसरीवर मेलेला.
बाबांना विचारलं तर म्हणाले, वाढ मुकाट्यानं.

हरगिरी म्हणजे हारग्रीव्ह, हे मला चाळिशीत कळलं.
पणजा भागोजी पावसे गोऱ्यांच्या जहाजावर खलाशी होता,
पहिल्या लढाईत, याच नदीच्या तोंडाशी.
पाण्यावरचं विमान क्रेनच्या दोराला अडकवायचं,
त्याच्या तराफ्यांचं शेवाळ खरवडायचं,
इंजिनात एरंडेल ओतायचं.
एरंडेलावर उडायची ती विमानं.
पुढे घरात पोरांना जुलाबाचं एरंडेल पाजलं
की म्हातारा उठून पुळणीवर जाऊन बसायचा.

एका पहाटे त्यानं कंदील धरला आणि दोघे गेले.
तिसऱ्या दिवशी निरोप आला: पकडले, जिवंत आहेत.
पाचव्या दिवशी निरोप बदलला.
हरगिरीचे लोकरी मोजे दोरीवर वाळत होते,
ते भागोजीनं मुंबई येईपर्यंत काढले नाहीत.
दुसऱ्या पोराचं नाव आमच्या कुणाच्या तोंडात बसलं नाही.
तो हरगिरीच्याच पानावर जेवतो.

हे मी मुहसिनला मोडक्या हिंदीत सांगितलं.
तो बराच वेळ चहात साखर ढवळत राहिला.
मग म्हणाला, माझ्या आजीनं पाहिले होते ते.
अकरा वर्षांची होती. बोरूच्या झोपडीत ठेवलेले,
म्हशीचं दूध दिलं, धाकट्याला ते पचलं नाही.
त्यानं तिला दोन बोटांनी शीळ घालायला शिकवलं.
मग घोडेस्वार आले.
खबर कुणी दिली?
नदीकडे बघत म्हणाला, आमच्यातल्याच कुणी.
दोन बंदुका मिळाल्या होत्या.
आजी म्हातारपणीही शीळ घालायची, घरच्यांना लाज वाटायची.

एवढ्यावर थांबेल असं वाटलं. थांबला नाही.
भाऊ हातिम, नौदलाच्या हेलिकॉप्टरवर, शहाऐंशी साली.
शत्रूच्या टीव्हीवर चार सेकंद दिसला,
ओला शर्ट, हात वर, जिवंत.
नंतर कुठल्याच यादीत नाही.
आई म्हणायची, घड्याळ उजव्या हातात होतं,
हातिम कधी उजव्या हातात घालत नसे,
म्हणजे तो नव्हताच तो.
असं म्हणत म्हणत गेली.

मेसमधून मी फॉइलची ताटं आणली.
भात, डाळ, तळलेली सुरमई, चार खजूर.
वडे नाहीत. खीर नाही.
बापाचं, आजाचं, पणजाचं, हरगिरीचं.
मुहसिननं आपलं पाचवं ताट स्वतः मांडलं,
आमच्या धर्मात हे नाही, म्हणाला, आणि त्यावर सिगारेट ठेवली.

इथला कावळा करडा-पांढरा,
अर्धा धुवून विसरल्यासारखा.
तो आला. क्रेनच्या टोकावर बसला.
आम्ही दोघे मागे सरलो.
वाऱ्यानं एक ताट उलटलं, कुणाचं ते मी बघितलं नाही.

कावळा उतरला की नाही सांगत नाही.
भोंगा झाला, दिवसपाळीची पोरं हेल्मेट चढवत आली,
आणि जाण्याआधी
मुहसिननं बादलीवरची वीट उचलून
थोडा वेळ बाजूला ठेवली.